172 जमिनीला टेकतच नाही: सिम्युलेटरच्या मॉडेलसाठी खऱ्या वैमानिकाची मदत कशी घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडच्या चार मित्रांनी एक्स-प्लेन 12 या संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरसाठी सेसना 172 एस या छोट्या विमानाचं मॉडेल बनवलंय. धुळ्याला प्रशिक्षण घेतलेल्या, त्यांच्या ओळखीच्या एका वैमानिक ताईंनी ते उडवून पाहिलं आणि सांगितलं, "उतरताना तरंगत राहतं, एलिव्हेटर फार हलका आहे, बाकी छान." मित्रांनी एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीचा) प्रभाव तीस टक्क्यांनी कमी केला. आता फ्लेअर करताना (टेकण्याआधी नाक उचलून वेग कमी करताना) नाक वर येत नाही आणि विमान तरंगतंय ते तरंगतंयच. ताई पुन्हा दोन तास द्यायला तयार आहेत. त्या वेळेचा उपयोग कसा करायचा?

आधी ते तीस टक्के परत करा. ताईंचं म्हणणं खरं आहे, फक्त "हलका" या शब्दामागचं कारण त्यांनी सांगितलेलं नाही आणि ते सांगणं त्यांचं कामही नाही. हात जरासा हलवला आणि नाक अपेक्षेपेक्षा जास्त हललं, एवढंच त्यांना जाणवलं. याची कारणं निदान चार असू शकतात: जॉयस्टिकची वक्ररेषा, पडद्यावर चित्र उशिरा येणं, गुरुत्वमध्य मागे सरकलेला असणं, किंवा जडत्वाचे आकडे कमी असणं. एलिव्हेटरचा प्रभाव या सगळ्यांनंतर तपासायचा. फ्लेअरमध्ये वेग कमी असतो आणि एलिव्हेटरची सगळी ताकद लागते. ती कापली की नेमकं उतरणंच बिघडतं, आणि तुमच्याकडे तेच झालंय.

वैमानिकाला बोलावण्याआधी मॉडेल पुस्तकातल्या आकड्यांवर उतरलेलं हवं. माणसाचा वेळ पुस्तकात न मिळणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवायचा.

पुस्तक म्हणजे पायलट्स ऑपरेटिंग हँडबुक, आणि ते त्याच प्रकाराचं हवं. नुसतं "172" म्हणून चालत नाही. 172 पी मध्ये कार्ब्युरेटरवालं 160 अश्वशक्तीचं इंजिन आहे. 172 आर मध्ये आयओ-360-एल2ए 2,400 आरपीएमला 160 अश्वशक्ती देतं, आणि एस मध्ये तेच इंजिन 2,700 आरपीएमला 180 देतं. कमाल वजन आर चं 2,450 पौंड, एस चं 2,550. ताईंनी प्रशिक्षण आर वर घेतलं असेल आणि तुम्ही एस बनवत असाल, तर त्यांनी पाठ केलेले सगळे आरपीएम तुमच्या मॉडेलला चुकीचेच वाटणार. हा पहिला प्रश्न त्यांना फोनवरच विचारून घ्या.

दुसरी गफलत वजनाची. प्रशिक्षणात विमानात दोघं असतात, मागच्या सीट रिकाम्या, टाकी बहुतेक वेळा अर्धी-पाऊण. म्हणजे 2,200 पौंडांच्या आसपास. पुस्तकातले बहुतेक तक्ते मात्र 2,550 चे. थांबवेग (स्टॉल स्पीड, ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही) वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे 2,550 ला 48 नॉटला थांबणारं विमान 2,200 ला पावणेपंचेचाळीसच्या आसपास थांबतं. चढाईचा वेगही वाढतो. म्हणून दोन वेगळे भार साठवून ठेवा, एक पुस्तकाशी ताडण्यासाठी आणि एक ताईंसाठी.

गुरुत्वमध्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. 172 एसमध्ये तो फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) खालच्या भागाच्या पुढच्या पृष्ठापासून इंचांत मोजतात. मागची मर्यादा सगळ्या वजनांना 47.3 इंच. पुढची 1,950 पौंडांपर्यंत 35 इंच आणि तिथून सरळ रेषेत वाढत 2,550 ला 41 इंच. म्हणजे पूर्ण वजनाला सगळा खेळ 6.3 इंचांचा, जेमतेम अर्ध्या फुटाचा. प्लेन मेकरमध्ये (एक्स-प्लेनच्या मॉडेल बनवायच्या साधनात) अंतर फुटांत, आणि तुम्ही निवडलेल्या संदर्भबिंदूपासून धरलं जातं. तो बिंदू फायरवॉलवर नसेल आणि वजाबाकी राहून गेली, तर मध्य सहज चार इंच मागे जातो. मग विमान खरोखरच पिचमध्ये (नाक वर-खाली होण्यात) चंचल होतं, आणि वैमानिक म्हणतो "हलकं आहे". मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये आणखी एक फास आहे: तिथे पुढची दिशा धन असते, तर पुस्तकात मागची.

जडत्वासाठी पाठ्यपुस्तकांत 172 चे आकडे मिळतात: रोलला (कलण्याला) 948, पिचला 1,346 आणि यॉला (नाक डावी-उजवीकडे वळण्याला) 1,967 स्लग-वर्गफूट. प्लेन मेकर जडत्वाऐवजी परिभ्रमण त्रिज्या मागतं, म्हणून जडत्वाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढा. सुमारे 3.4, 4.1 आणि 4.9 फूट येतील. यापेक्षा फारच लहान आकडे भरलेले असतील तर तेही दुरुस्त करा.

आता तरंगण्याकडे येऊ. तुमच्या तक्रारीचं मूळ बहुधा इथे आहे.

पुस्तकात थांबवेग दोन स्तंभांत दिलेला असतो. 2,550 पौंड, मध्य सर्वात मागे: फ्लॅप्स (पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) वर असताना इंडिकेटरवर 48 नॉट, पण कॅलिब्रेटेड (इंडिकेटरची चूक काढून) 53. फ्लॅप्स पूर्ण 30 अंश असताना इंडिकेटरवर 40, कॅलिब्रेटेड 48. विमान नाक वर करून हळू उडत असताना वेग मोजणाऱ्या पिटोनळीत आणि स्टॅटिक छिद्रात हवा सरळ येत नाही, त्यामुळे काटा कमी दाखवतो. मॉडेलच्या इंडिकेटरमध्ये ही चूक सहसा आपोआप येत नाही. तिथला काटा जवळजवळ कॅलिब्रेटेड वेगच दाखवतो. मग होतं काय, की मॉडेल बनवणारा "पांढऱ्या पट्ट्याचं टोक 40 ला" हे (वेगमापकावरच्या फ्लॅप्सच्या पट्ट्याबद्दल) वाचतो आणि विमान 40 लाच थांबेपर्यंत फ्लॅप्सची लिफ्ट (वर उचलणारी ताकद) वाढवत नेतो.

हिशोब करून पाहा. पंखाचं क्षेत्र 174 चौरस फूट, हवा समुद्रसपाटीची. 48 नॉट कॅलिब्रेटेडला थांबण्यासाठी लिफ्टचा कमाल गुणांक 1.88 लागतो. 40 ला थांबवायचं तर तो 2.7 लागतो. म्हणजे पंखाला 44 टक्के फुकटची लिफ्ट दिली गेली. इतका गुणांक साध्या पंखाला आणि साध्या स्लॉटेड फ्लॅपला पेलणाराच नाही. असं विमान 65 नॉटला धावपट्टीच्या उंबरठ्यावर आलं की त्याच्याकडे थांबवेगाच्या वर 25 नॉटांचा साठा असतो, प्रत्यक्षात तो 17 चा हवा. तरंगणारच. फ्लॅप्स वर असतानाही हीच परीक्षा घ्या, तिथे योग्य आकडा 1.54 च्या आसपास येतो. एअरफॉइल मेकरमध्ये (एक्स-प्लेनच्या पंखाचा छेद ठरवायच्या साधनात) मूळ पंख आधी बरोबर करा, मग फ्लॅप्सची वाढ जुळवा. इंडिकेटरची चूक दाखवायचीच असेल तर ती काट्यावर छोट्या तक्त्याने दाखवा. 60 नॉटांच्या वर हा फरक जवळजवळ संपतो.

एवढं करूनही तरंगत असेल तर पुढचा संशय प्रोपेलरवर. थ्रॉटल पूर्ण बंद असताना 65-70 नॉटला प्रोपेलर हवेच्या जोरावर फिरतो आणि ब्रेकसारखं काम करतो. पुष्कळ मॉडेलांत तो त्या वेळीही थोडं पुढेच ढकलत असतो. तपासायला सोपं आहे: समुद्रसपाटीची प्रमाण हवा, 2,550 पौंड, फ्लॅप्स वर, 68 नॉट, थ्रॉटल बंद. घसरणीचं प्रमाण साधारण 9 ला 1 (9 फूट पुढे, 1 फूट खाली), म्हणजे मिनिटाला 750 फुटांच्या आसपास उतरण. तुमचं मॉडेल 500 दाखवत असेल तर आयडल आरपीएम आणि पात्याचा कोन तपासा. सगळ्या विमानाचा ड्रॅग (हवेचा विरोध) वाढवून हा आकडा जुळवू नका. तसं केलंत तर क्रूझचा वेग बिघडेल, 8,500 फुटांवर 75 टक्के शक्तीला 124 नॉट हा आकडा हातचा जाईल, आणि मग इंजिनाची शक्ती वाढवायचा मोह होईल. एक चूक झाकायला दुसरी, असं चक्र सुरू झालं की मॉडेल कायमचं बिघडतं.

ग्राउंड इफेक्टमध्येही (जमिनीलगत हवेचा विरोध घटतो त्यातही) गोंधळ होतो. पंख जमिनीपासून आपल्या लांबीच्या चौथाई उंचीवर आला की इंड्यूस्ड ड्रॅग (लिफ्टमुळे येणारा विरोध) 23-24 टक्क्यांनी घटतो, दहाव्या हिश्श्यावर आला की जवळपास 48 टक्क्यांनी. 172 चा पंख 36 फुटांचा आणि केबिनच्या वर बसवलेला. चाकं टेकली तरी तो दहाव्या हिश्श्याइतका खाली येतच नाही. कोणी खालच्या पंखाच्या विमानाचे आकडे उचलले असतील तर तरंगणं तिथूनही वाढतं.

या सगळ्यावर एक घड्याळी कसोटी आहे आणि ती ताईंनाही समजेल: पूर्ण फ्लॅप्स, थ्रॉटल बंद, धावपट्टीच्या वर फूट-दोन फूट उंची धरून ठेवायची आणि 65 वरून 55 नॉटला यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. लिफ्ट आणि ड्रॅगचं गुणोत्तर 7 ते 9 धरलं तर सेकंदाला दोन ते पावणेतीन नॉट घटतात, म्हणजे चार-पाच सेकंद. मॉडेलला नऊ सेकंद लागत असतील तर काहीतरी चुकलेलं आहे. चार-पाचच लागत असतील आणि तरीही ताईंना तरंगल्यासारखं वाटत असेल, तर त्या येतानाच वेगात येतायत. पुस्तक पूर्ण फ्लॅप्सना 60 ते 70 नॉट सांगतं. 75 ने आलं तर खरं विमानही शंभर-सव्वाशे मीटर पुढे जातं.

मोजताना एक सांभाळा. पडद्यावरचे फ्रेम सेकंदाला वीसच्या खाली गेले की एक्स-प्लेन सिम्युलेटरमधली वेळच संथ करतं. मग स्टॉपवॉचचे सगळे आकडे खोटे ठरतात. नाशिकच्या ओझर विमानतळाच्या आजूबाजूची झाडं-घरं कमी करा आणि फ्रेम तीसच्या वर ठेवून मोजा.

आता "हलका एलिव्हेटर". खऱ्या 172 चं योक (हाताचं सुकाणू) पूर्ण वळवायला हात बराच फिरवावा लागतो, पुढे-मागेही ते लांब अंतर सरकतं. तुमच्या टेबलावरची काठी प्रत्येक बाजूला वीसेक अंश हलते. तेवढ्याच बोटभर हालचालीत सगळा एलिव्हेटर बसवलेला असतो. त्यामुळे मधल्या भागात वक्ररेषा सपाट ठेवा आणि टोकाला पूर्ण शंभर टक्के मिळू द्या. डेड झोन (मधला निष्क्रिय भाग) मात्र शून्याच्या जवळ. तो मोठा असेल तर हात हलवूनही आधी काहीच होत नाही आणि मग नाक एकदम उडी मारतं. सेटिंगमध्ये स्टॅबिलिटी ऑगमेंटेशनच्या पट्ट्या असतात, त्या तिन्ही शून्यावर आणा. त्या वर असतील तर सिम्युलेटर तुमच्या नकळत विमान सावरत राहतो, आणि ताई ज्या विमानाबद्दल मत देतायत ते तुमचं मॉडेल उरतच नाही.

स्प्रिंगच्या काठीवर ट्रिम कधीच खरा वाटत नाही, हेही ताईंना आधीच सांगा. विमानात वैमानिक योक हवं तिथे धरून ठेवतो आणि हातावरचा भार संपेपर्यंत ट्रिमचं चाक फिरवतो. योक जागचं हलत नाही. स्प्रिंगच्या काठीत ट्रिम लावता लावता काठी मध्याकडे सोडत यावी लागते. "ट्रिम उलटसुलट वाटतो" ही तक्रार आली की ती काठीच्या खात्यात टाका, मॉडेलला हात लावू नका.

दृश्याचा कोनही मोजून ठेवा. 24 इंची पडदा सुमारे 53 सेंटिमीटर रुंद असतो. डोळा 60 सेंटिमीटरवर असेल तर आडवा कोन 48 अंशांच्या आसपास येतो. त्यापेक्षा रुंद कोन ठेवला की धावपट्टी दूर आणि खोल दिसते, उंचीचा अंदाज चुकतो आणि फ्लेअर चुकीच्या वेळी होतो. दोष पुन्हा बिचाऱ्या एलिव्हेटरवर जातो.

नाशिककरांसाठी एक खास गोष्ट. ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर आहे. मे महिन्यातली दुपार, तापमान 38 अंश, दाब 1006 हेक्टोपास्कल. दाब-उंची सुमारे 2,100 फूट. त्या उंचीचं प्रमाण तापमान 11 अंशांच्या जवळ, म्हणजे हवा 27 अंशांनी जास्त तापलेली. प्रत्येक अंशाला 120 फूट धरले तर घनता-उंची 5,400 फुटांच्या घरात जाते. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. ओझरच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला मे महिन्यात कळसूबाईच्या माथ्यावरची हवा मिळते. समुद्रसपाटीला मिनिटाला 730 फूट चढणारं 172 एस तिथे पूर्ण वजनाला जेमतेम 490 चढेल. सर्व्हिस सीलिंग (जिथे चढाई मिनिटाला 100 फुटांवर येते ती उंची) 14,000 फूट धरून सरळ रेषेत घट काढली की हाच आकडा येतो. इंधन-हवेचं मिश्रण पूर्ण समृद्ध ठेवलं तर त्याहून कमी. ताईंच्या आठवणीतले आकडे कुठल्या महिन्यातले आणि सकाळचे की दुपारचे, हे विचारल्याशिवाय मॉडेलची शक्ती बदलू नका. पहिली जुळणी नेहमी प्रमाण हवेत, वारा शून्य ठेवून करा आणि ओझरची दुपार नंतर पडताळणीला घ्या. मॉडेल बरोबर असेल तर तिथे ते आपोआप मंद होतं.

उड्डाणाच्या धावेबाबतही तेच. पुस्तकातली 960 फुटांची धाव शॉर्ट फील्ड पद्धतीची असते: फ्लॅप्स 10 अंश, ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल, मग सोडायचं. शिकाऊ वैमानिक फ्लॅप्सविना, चालत्या विमानात थ्रॉटल देत 55 नॉटला नाक उचलतो. त्याची धाव जास्त असणारच. ब्रेक दाबून उभं असताना पूर्ण थ्रॉटलला समुद्रसपाटीजवळ 2,300 ते 2,400 आरपीएम यायला हवेत. 2,700 आले तर प्रोपेलर चुकीचा आहे, हे धाव मोजायच्या आधीच कळतं.

आता त्या दोन तासांबद्दल. पहिली पाच मिनिटं सर्वात मोलाची. माणूस पंधरा-वीस मिनिटांत कुठल्याही यंत्राला सरावतो. खऱ्या विमानाची हाताला असलेली सवय मागे पडते आणि सगळंच "ठीक" वाटायला लागतं. म्हणून ताई बसल्या की काहीही समजावू नका. एक सर्किट (उड्डाण, धावपट्टीभोवती फेरी आणि उतरणं) मारू द्या, त्यांचा आवाज आणि हात मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि शेजारी डेटा आउटपुट चालू ठेवून वेग, उंची, आरपीएम, पिच, एलिव्हेटर फाइलमध्ये उतरू द्या. त्या "अरेच्चा" म्हणतील त्या सेकंदाला फाइलमध्ये काय आहे ते नंतर पाहता येतं. मध्ये बोलून त्यांच्या प्रतिक्रिया पुसू नका.

त्यानंतरचे प्रश्न हातापायांचे असावेत. "बरोबर वाटतं का?" याला भिडस्त माणूस हो म्हणतो. "डाउनविंडला 90 नॉट धरायला किती आरपीएम ठेवता?" याला आकडा येतो. "पहिले 10 अंश फ्लॅप्स टाकले की हात पुढे ढकलावा लागतो का, आणि किती वेळ?" 172 मध्ये नाक वर येतं आणि ढकलावं लागतं, मॉडेलमध्ये ते खाली जात असेल तर शेपटीवर येणारा हवेचा झोत चुकलाय. "पूर्ण थ्रॉटलने चढताना उजवा पाय किती? थ्रॉटल बंद केला की त्याच पायाचं काय होतं?" "फक्त एलरॉनने वळलं तर बॉल कुठे जातो?" "गो-अराउंडला पूर्ण फ्लॅप्स आणि पूर्ण शक्ती देता तेव्हा एक हात पुरतो का?" "हॉर्न कधी वाजतो?" हॉर्न (थांबवेग जवळ आल्याचा इशारा) थांबवेगाच्या 5 ते 10 नॉट आधी वाजायला हवा, आणि वैमानिकांना तो आवाज फार नीट आठवतो.

फुगॉइडची (वेग-उंचीच्या संथ लाटेची) चाचणीही त्यांच्यासमोर करा. 100 नॉटला ट्रिम लावायचं, नाक थोडं वर ओढून 90 ला आणायचं आणि काठी सोडून द्यायची. विमान वर-खाली लाटेत जाईल. लाटेचा काळ वेगावर अवलंबून असतो. 100 नॉटला सैद्धांतिक सूत्राने 23 सेकंद येतात, प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्त, आणि लाट हळूहळू विरायला हवी. एकाच लाटेत संपली तर तुम्ही डॅम्पिंग कृत्रिमरीत्या वाढवलंय. व्यावसायिक सिम्युलेटरच्या तपासणीत या काळाला दहा टक्क्यांची मुभा असते. घरच्या मॉडेलला पंधरा टक्के पुष्कळ.

बदल करताना एका वेळी एकच. जुनी आवृत्ती अ, नवी ब, आणि कुठली कोणती हे ताईंना न सांगता दोन्ही दोन-दोनदा उडवायला द्या. दोन्ही वेळा ब च आवडली तर बदल ठेवा. उलटसुलट उत्तरं आली तर तो फरक हाताला कळतच नाही, वेळ दुसरीकडे घाला. आणि एक कळकळीचं सांगणं: तुमच्या मॉडेलसाठी कुठल्याही प्रशिक्षणार्थीला हवेत खास काही "करून बघ" असं सांगू नका. थांबवेगाचे सराव प्रशिक्षकासोबत होतातच, त्यातलं जे आठवतं तेवढंच घ्या.

नाशिकमध्ये आणखी एक खबरदारी हवी. ओझरला एचएएलमध्ये सुखोई-30 तयार झाली आहेत, गांधीनगरला कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, आणि निवृत्त अधिकारी प्रत्येक कॉलनीत भेटतात. लष्करी विमानाचं मॉडेल करायची इच्छा होईल तेव्हा त्यांच्याकडून आकडे, तक्ते, पुस्तकाची पानं मागू नका. गोपनीयता कायदा 1923 चा आहे आणि तो छंदासाठी सवलत देत नाही. उघड प्रसिद्ध झालेली माहिती वापरा आणि त्यांना सर्वसाधारण उड्डाणज्ञान विचारा, तेच पुष्कळ असतं. उदाहरणार्थ, चेतक आणि चीता ही फ्रेंच वंशाची हेलिकॉप्टरं, त्यांचा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) उचलला की उजवं पेडल लागतं. अमेरिकन हेलिकॉप्टरच्या मॉडेलवरून चीता बनवलं तर पेडल उलटं पडतं, आणि गांधीनगरचा कोणताही जुना वैमानिक जमिनीवरून फूटभर उठताच ते ओळखेल.

तुमच्यासाठी या आठवड्याचा क्रम असा ठेवा: एलिव्हेटर मूळ आकड्यावर, फायरवॉलपासून गुरुत्वमध्य पुन्हा मोजून, एअरफॉइल मेकरमध्ये 1.54, फ्लॅप्सनंतर 1.88, मग 68 नॉटची घसरण. ही पाच कामं होईपर्यंत ताईंना बोलावू नका. झाली की 2,200 पौंडांचा भार लावून ठेवा आणि पहिलं सर्किट गप्प बसून पाहा.